पिठाला विरी येईपर्यंत

आमच्या गावची जुनी गिरणी २०२१च्या पावसाळ्यात बंद पडली. चालवणारे आप्पा थकले होते, मुलं सुरतेला मार्गी लागलेली, दगड झिजून गुळगुळीत झालेले. एक दिवस त्यांनी दाराला कुलूप लावलं ते लावलंच. पुढे वर्षभर आम्ही बायकांनी दळणाचे डबे मोटारसायकलच्या मागे बांधून सहा किलोमीटरवरच्या गावी पाठवले. सकाळी पाठवलेला डबा कधी संध्याकाळी यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. ज्वारीच्या डब्यात बाजरीचं पीठ मिसळून यायचं. घरात धान्याची कोठी भरलेली आणि परातीत घ्यायला पीठ नाही, ही वेळ मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिली.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या अंगाचं. रानात कापूस आणि मका. दादर आता थोड्याच शेतांत दिसते, पण भाकरी प्रत्येकाच्या ताटात असते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येते, दाणा टपोरा, भाकरी पांढरी आणि चवीला गोड. बाजारात तिला साध्या ज्वारीपेक्षा भाव जास्त मिळतो, म्हणून बरेच जण ती विकतात आणि घरी हायब्रीड खातात. आमच्या सासूबाई मात्र आजही चार पोती घरासाठी ठेवल्याशिवाय एक दाणा मार्केटला जाऊ देत नाहीत.

मी तेव्हा शिवणकाम करत होते. गिरणी टाकायचा विचार मी बोलून दाखवला तेव्हा आमच्या घरात सगळे गप्प झाले. मोटर, पट्टा, थ्री फेजचा करंट, हे बाईचं काम नाही असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण नजरेत ते होतं. सुरतेला माझा भाऊ लूमच्या कारखान्यात फिटर आहे. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "आक्का, दळण येईल किती, ते मोजलंस का?"

मग मी वही घेऊन घरोघर फिरले. आठ दिवस लागले. गावात ३४० उंबरे. त्यातल्या ३१ घरांत घरघंटी निघाली, काही विकत घेतलेल्या, काही जिल्हा परिषदेच्या योजनेतल्या. मी प्रत्येक घरी विचारलं, महिन्याला किती दळता, काय काय दळता, कशासाठी दळता. पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण चाळीस किलो पीठ लागतं असं निघालं. सगळं गाव माझ्याकडे येणार नाही हे धरून मी चौथा हिस्सा मोजला, तरी महिन्याला तीन हजार चारशे किलो होत होतं. मोलाची माहिती निघाली ती घरघंटीवाल्या घरांतून. तिथल्या बायका म्हणाल्या, रोजचे गहू घरी दळतो, पण कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, बट्टीचं जाड पीठ, बेसन आणि उन्हाळ्यातलं पापडाचं दळण बाहेरच द्यावं लागतं. बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो, पात्यांनी धान्य फुटून जाळीतून पीठ पडतं. पाच-सहा किलो झाले की ती तापते.

ती वही मी अजून जपून ठेवली आहे. ज्यांना गिरणी टाकायची आहे त्यांना मी अगोदर हेच सांगते, मशीन बघायला जाऊ नका, आधी वही घेऊन फिरा.

पैशाचं थोडक्यात सांगते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. मी अर्ज केला तेव्हा तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळत होतं, कमाल मर्यादा १० लाख, आणि किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागत होते. माझा प्रकल्प ३,६०,००० रुपयांचा झाला. त्यात चक्की, १० अश्वशक्तीची मोटर, तिखट-मसाल्यासाठी वेगळा पल्व्हरायझर, धान्य चाळायची चाळणी, वजनकाटा आणि वायरिंग होतं. स्वतःचे ३६,००० घातले, त्यासाठी माझी पोत गहाण ठेवली. कृषी विभागाने जिल्ह्यात नेमलेल्या संसाधन व्यक्तीने प्रकल्प अहवाल आणि ऑनलाइन अर्ज करून दिला. उद्यम नोंदणी मोबाइलवर फुकट झाली. अन्नसुरक्षेची छोटी नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत होती. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला. जागा सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे आठ-अचा उतारा आणि त्यांचं संमतीपत्र जोडलं.

अडलं ते बँकेत. पहिल्या बँकेत माझी फाइल चार महिने पडून राहिली. दर सोमवारी मी जायचे, साहेब बाहेर गेलेत असं ऐकून परत यायचे. शेवटी एकाने सांगितलं की गिरणीसारख्या धंद्याला आम्ही देत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे सोळा सोमवार वाचले असते. दुसऱ्या बँकेत मी ती घरोघरची वही सोबत नेली. तिथल्या मॅडमनी पानं उलटून पाहिली आणि मला विचारलं, कळणा म्हणजे काय. त्या विदर्भातल्या होत्या. मी समजावून सांगितलं. सप्टेंबर २०२२मध्ये कर्ज मंजूर झालं.

अनुदानाचं एक नीट समजून घ्या, कारण गावात याबद्दल फार गैरसमज आहे. ते पैसे हातात मिळत नाहीत. ते बँकेत कर्जखात्यापाशी बाजूला राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. बँकेने कर्जाची शेवटची रक्कम दिल्यापासून तीन वर्षं खातं नियमित आणि युनिट चालू राहिलं, तरच ते खात्यात वळते होतात. मधे हप्ते थकले तर ते हातचे जातात. अनुदान मिळेल आणि त्यातून उधारी फेडू, असा हिशेब ज्यांनी केला त्यांचं अवघड झालं.

वीज जोडणीलाही वेळ गेला. घरचं मीटर सिंगल फेजचं. महावितरणकडे अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, पाहणी, कोटेशन भरणं, मग मीटर. गिरणीला औद्योगिक दर लागतो. घरच्या मीटरवरून गिरणी चालवली तर कारवाई होते. औद्योगिक मीटरला स्थिर आकार असतो, म्हणजे महिनाभर गिरणी बंद राहिली तरी तेवढं बिल येतंच. पावसाळ्यात, लोक शेतात गुंतलेले असताना हे जाणवतं.

चक्की राजकोटची घेतली, अठरा इंची दगडाची, आडवी. सगळे म्हणत होते उभी घे, जागा कमी लागते, पीठ भराभर पडतं. भावाने सुट्टी काढून माझ्यासोबत तीन गिरण्या फिरून पाहिल्या. आम्ही पिठात हात घालून बघितला. आडवीचं पीठ मला थंड लागलं, म्हणून ती घेतली. दसऱ्याला, ५ ऑक्टोबर २०२२ला, पूजा करून पहिलं दळण टाकलं. मशीन बसवणाऱ्या मिस्त्रीने बजावलं होतं, नवा दगड कच सोडतो, आधी वीस किलो हलके गहू दळा आणि ते पीठ फेकून द्या, जनावरालासुद्धा घालू नका. आम्ही ते खड्ड्यात पुरलं.

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या एक आजी आल्या. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. त्यांनी ओट्यावर रुमाल सोडला. आत भाकरीचे पाच तुकडे.

"माय, हाई भाकर देख. उचलाले गयी, तुटी गयी."

मी तुकडा हातात घेतला. कडेला भेगा, मधे पापुद्रा नाही. त्यांची दादर होती, घरची, नवी. त्यांच्या हाताची भाकरी मी पंधरा वर्षं खाल्लेली, बांगडीएवढ्या उंड्यातून परातभर भाकरी थापणारी बाई. चूक त्यांच्या हातात नव्हती. पिठाची विरी गेली होती.

विरी हा शब्द भाकरी करणाऱ्यालाच कळतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ ताजं असलं, दळताना तापलेलं नसलं, तर गरम पाण्यात ते एकजीव होतं आणि थापताना ताणलं जातं. पीठ जुनं झालं किंवा दगडात जळालं, की कितीही मळा, कडा फाटतात. आजींना मी त्यांचं चार किलो धान्य भरून दिलं. त्या घेत नव्हत्या, मी दिलंच. त्या गेल्यावर गिरणी चालू करून मी दोन किलो ज्वारी सोडली आणि पीठ पडतं तिथे तळवा धरला. दहा-बारा मोजेपर्यंत हात ठेववेना. वास किंचित करपल्यासारखा येत होता. हा वास चार दिवस माझ्या नाकासमोर होता आणि नव्या मशीनचा वास म्हणून मी तो सोडून दिला होता.

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, दगड ढिला करा. ढिला केला तर पीठ जाडं पडू लागलं, कण्या दिसू लागल्या. आवळला तर परत गरम. दोन दिवस मी तो पेच आवळत आणि सोडत बसले. गिऱ्हाईक कमी होऊ लागलं. रात्री झोप लागत नव्हती. सासूबाईंनी माळ्यावरचं जुनं घरोटं, म्हणजे हाताचं जातं, खाली काढलं आणि म्हणाल्या, यावर दळून बघू, धान्यातच काही खोट आहे का. घरोट्यावरच्या पिठाची भाकरी सुरेख झाली. म्हणजे दगडच चुकत होता.

पारोळ्याकडचे एक जुने टाकारी आहेत, म्हणजे गिरणीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडणारे, सत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात. आप्पांच्या गिरणीचे दगड तेच टाकायचे. निरोप पाठवल्यावर ते एसटीने आले. खांद्यावरच्या पिशवीत चार टाक्या म्हणजे दगड टाकायच्या छिन्न्या, एक हातोडी, एक लाकडी पट्टी आणि गेरूची पुडी. चहा नको म्हणाले. आधी गिरणी रिकामी चालू करायला सांगितली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"दगड बोलस. आयकी ले."

मला नुसती घरघर ऐकू येत होती. त्यांनी माझा हात धरून चक्कीच्या बाहेरच्या पत्र्यावर ठेवला. तेव्हा जाणवलं, घरघर एकसारखी नव्हती. प्रत्येक फेऱ्यात एकदा ती जड होत होती.

मेन स्विच पाडला, वरचा दगड उघडून पालथा केला. जिभाऊंनी गेरू पाण्यात कालवून पट्टीच्या धारेला लावला आणि पट्टी दगडावर आडवी, उभी, तिरकी अशी फिरवली. दगड सपाट असता तर लाल रंग सगळीकडे सारखा उमटला असता. आमच्या दगडावर एकाच बाजूला, माझ्या पंजाएवढ्या जागेत, लालभडक पट्टा उमटला. बाकी दगड कोरा. तेवढी बाजू उंच होती. बारीक पीठ यावं म्हणून मी पेच आवळत होते, तेव्हा तो उंचवटा खालच्या दगडाला घासत होता आणि पीठ तिथे भाजत होतं. उरलेल्या भागातून कण्या सुटत होत्या. दोन दिवसांचं कोडं त्या लाल डागात उलगडलं.

उंचवटा काढायला त्यांना तासभर लागला. थोडं टाकायचं, झटकायचं, परत पट्टी फिरवायची. हळूहळू लाल ठिपके दगडभर पसरत गेले. मग त्यांनी टाकी माझ्या हातात दिली. टाकी सरळ धरली तर खड्डा पडतो आणि त्यात पीठ अडकून कुजतं. तिरकी धरून हलके, सारखे ठोके द्यायचे. दगडाच्या डोळ्यापाशी, म्हणजे मधल्या भोकाभोवती, चऱ्या खोल ठेवायच्या कारण तिथे अख्खा दाणा येतो. कडेकडे जाताना त्या उथळ होत जातात आणि शेवटची दोन बोटं दगड जवळजवळ सपाट राहतो. पीठ बारीक होतं ते त्या दोन बोटांत. डोळ्यावर चष्मा लावल्याशिवाय टाकी धरायची नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या हाताच्या पाठीवर निळसर काळे बारीक ठिपके आहेत. टाकीच्या पोलादाचे कण उडून कातडीत रुतलेले, आयुष्यभराचे. आता माझ्याही डाव्या हातावर असे सात-आठ ठिपके आहेत.

दगड बसवून, कच निघेपर्यंत पाच किलो दळून फेकून, मग आमच्या कोठीतली दादर टाकली. पीठ कोमट पडलं. चिमटीत घेऊन चोळलं तर रेशमासारखं सरकलं, पण पार मैदाही झालेलं नव्हतं. सासूबाईंनी तिथल्या तिथे घरात जाऊन चूल पेटवली. भाकरी फुगली. जिभाऊंनी ती ठेच्यासोबत उभ्याउभ्या खाल्ली आणि मग म्हणाले, आता चहा कर. मजुरी त्यांनी साडेचारशे घेतली. पाचशे देत होते, पन्नास परत केले.

तेव्हापासून दगड मी स्वतः टाकते. हंगामात आठ-दहा दिवसांनी, एरवी महिन्यातून दोनदा. आणि टाकी लावल्यावर पहिली ज्वारी नेहमी आमच्या घरची पडते. तिची भाकरी होऊन पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाचा डबा मी ओतत नाही.

त्या आजी महिनाभर आल्या नाहीत. मीच एकदा दोन किलो पीठ घेऊन त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या चुलीपाशी बसून राहिले. भाकरी तव्यावर पडली, न तुटता उलटली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नातवाच्या हाती डबा आला.

जानेवारी २०२३मध्ये मोटर जळाली. तीनपैकी एक फेज गेली, मोटर दोन फेजवर घुमत राहिली, आणि मी गल्ल्यावर हिशेब करत होते. वार्निश जळल्याचा वास येईपर्यंत उशीर झाला होता. रिवाइंडिंगला साडेपाच हजार आणि चार दिवस गेले. स्टार्टरसोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर असता तर मोटर आपोआप बंद झाली असती. तो तेव्हा हजार-बाराशेत येत होता आणि खर्च वाचवायला मी तोच गाळला होता. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पट्ट्यावर मात्र पहिल्या दिवसापासून जाळीचं कव्हर आहे. आजही पदर खोचून, वरून शर्ट घालून, केस रुमालात बांधूनच मी गिरणीत पाय ठेवते. नाकातोंडावर रुमाल हवाच. पिठाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दमा लागतो, आप्पांना लागलेला मी पाहिला आहे.

पापडाच्या हंगामात मला हा धंदा खरा कळला. होळी झाली की फेब्रुवारी-मार्चात निघालेली दादर, नवे गहू, हरभरा, सगळं एकदम घरात येतं आणि बायका वर्षाचं वाळवण घालायला घेतात. प्रत्येकीचं दळण वेगळं. उडदाच्या पापडाला डाळ गंधासारखी बारीक हवी. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून, सावलीत वाळवून आणतात आणि ती भरडायची असते, पीठ करायचं नसतं. ती आतून ओली राहिलेली असली तर दगडावर लेप बसतो. म्हणून मी दाणा दाताखाली धरून पाहते, कट्ट आवाज आला तरच घेते, नाहीतर आणखी एक ऊन दाखवून आणा म्हणते. सुरुवातीला लोकांना राग यायचा. बट्टीला गव्हात थोडा मका घालतात आणि पीठ रवाळ ठेवावं लागतं. दराब्याच्या लाडवांना त्याहून वेगळा रवा. कळण्याला चार किलो ज्वारीमागे एक किलो अख्खे उडीद आणि मूठभर जाडं मीठ, कुणी चमचाभर मेथ्या टाकतं. उडीद सालासकट दळले जाऊन भाकरीत काळे ठिपके दिसले पाहिजेत. कळण्याची भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा ज्याने हिवाळ्यात रानात बसून खाल्लं आहे, त्याला पिठाचा हा जाडपणा का लागतो ते सांगावं लागत नाही.

आणि क्रम. "आमचं दळण गव्हावरच टाका," असं प्रत्येक बाई सांगते, आणि तिचं बरोबर आहे. चक्कीच्या पोटात मागच्या दळणाचं पाव किलो पीठ राहतंच. बाजरीनंतर गहू टाकला तर पोळी काळी होते. डाळीनंतर ज्वारी टाकली तर भाकरीला वास येतो. म्हणून मी वेळा ठरवल्या. सकाळी गहू, दुपारी ज्वारी आणि तिच्यामागे बाजरी, कळणा शेवटी, डाळी आणि बेसन शनिवारी. सोयाबीन मी घेत नाही, त्याच्या तेलाने दगड चिकटतो. मिरची-हळद चक्कीत कधीच नाही, त्याला पल्व्हरायझर वेगळ्या खोलीत आहे. आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दगड उघडून, ब्रशने झाडून फक्त भगर आणि राजगिरा. भगर मी आधी उन्हात पसरून, हुंगून घ्यायला सांगते. बुरशी लागलेल्या भगरीच्या पिठाने विषबाधा होते, दर उपवासाच्या हंगामात अशा बातम्या येतात.

घटीवरून भांडणं व्हायची. दहा किलो आणले, साडेनऊच भरले, असं म्हणणारे होते. मी काटा दाराबाहेर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्याला वैधमापनचा शिक्का दरवर्षी करून घेते. डबा आल्यावर वजन, दळल्यावर वजन, दोन्ही पाटीवर खडूने. दहा किलोमागे शंभर ते दीडशे ग्रॅम घट जाते, थोडी उडून, थोडी धान्यातली ओल सुकून. त्याहून जास्त गेली तर पीठ माझ्या डब्यातून भरून देते. भांडणं थांबली.

कानबाईचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही, सव्वा मूठ गहू काढतात. ते रोट भाऊबंदांतच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्या सासूबाईंच्या तरुणपणी हे दळण घरोट्यावर व्हायचं. २०२३ला अधिक श्रावण आला होता, म्हणून कानबाई ऑगस्टच्या शेवटाला गेली, २७ तारखेला. आदल्या आठवड्यात सात-आठ कुळांच्या बायका आल्या आणि म्हणाल्या, रोटाचं दळण तुझ्याकडे टाकू, पण गिरणी सोवळ्यात पाहिजे.

मी दोन दिवस आधी गिऱ्हाईक बंद केलं. दगड उघडला, कापडी झोळा नवा शिवला, पाट, पत्रा, भिंती पुसल्या. भल्या पहाटे अंघोळ करून पहिलं दळण सोडलं. मोठी अडचण पोटात राहणाऱ्या त्या पाव किलोची होती. एका कुळाचं पीठ दुसऱ्या कुळाच्या रोटात जाता कामा नये. म्हणून प्रत्येक दळणानंतर स्विच पाडून, दगड उचलून, ब्रशने सगळं त्यांच्याच परातीत झाडून दिलं. एरवी तासात शंभर किलो निघतं, त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत साठ किलो निघालं. दळणाचे पैसे मी घेतले नाहीत. एका म्हाताऱ्या जिजीने जाताना दगडाला हळदकुंकू वाहिलं.

धंद्याचं म्हणाल तर पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी तीन हजार किलोच्या आत-बाहेर दळण आलं. तेव्हा किलोला सहा रुपये घेत होते, म्हणजे अठरा हजार. त्यातून साडेसहा हजारांचा हप्ता, साडेतीन-चार हजारांचं बिल, पट्टा, बेअरिंग, ग्रीस. हातात सहा-सात हजार राहायचे. शिवणकामातही तेवढेच मिळायचे, पण हे वाढत गेलं. आता शेजारच्या दोन गावांतूनही डबे येतात, मार्च ते मेमध्ये रात्री अकरापर्यंत गिरणी चालते आणि गल्लीतल्या दोन मुली मदतीला असतात. एकीला टाकी धरायला शिकवते आहे. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून अमळनेरच्या काही घरांतून कळण्याचं तयार पीठ मागतात. मी महिन्याला पन्नास-साठ किलोच देते, तेही दळल्यावर दुसऱ्या दिवशी पोचेल एवढंच. जास्त दळून साठवलं तर विरी जाते. बाजरी तर आठ दिवसांत कडू होते.

गेल्या ऑक्टोबरात अनुदानाचे १,२६,००० रुपये कर्जात वळते झाले. पोत मी त्याआधीच सोडवली होती. आता खडे काढायचं यंत्र घ्यायचं आहे, कारण खळ्यावरून येणाऱ्या दादरीत मातीचे खडे फार, आणि एक खडा दगडाच्या चार दिवसांच्या टाकीवर पाणी फिरवतो.

जिभाऊ आता एसटीने येत नाहीत, गुडघे चालत नाहीत. कधी फोनवर विचारतात, दगडाचा आवाज कसा आहे. मी फोन पत्र्याजवळ धरते. मागच्या आठवड्यात ऐकून म्हणाले, कडेला घासतोय, उघडून बघ. बघितलं तर खरंच एका बाजूला गेरू जास्त लागला. या आठवड्यात वरच्या मळ्यातली दादर खळ्यावर येईल. दगड उघडून ठेवला आहे, गेरू कालवला आहे. उजाडलं की टाकी लावायला बसेन.